न घेतलेल्या रक्ताची काच

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी तोंडावर हसणारा माणूस. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच विचित्र वाटतंय... पण झालं ते असं.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं. शहापूरच्या एका दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. हिवतापासाठी रक्त घ्यायचं काम माझ्याकडे — बोटाला सुई टोचायची, थेंब काचेवर पसरायचा, आणि वाळला की त्याच रक्तावर पेन्सिलने नाव लिहायचं. मग डॉक्टर मायक्रोस्कोपखाली बघायचे. कोयनेलची, म्हणजे क्विनीनची टंचाई, म्हणून तपासल्याशिवाय औषध नाही. येणाऱ्या प्रत्येकाकडून मी नियम घोकून घ्यायचो. ताप चढलेला असतानाच या. कोयनेल खाऊन येऊ नका, जंतू दिसत नाहीत. रक्त दिल्यावरही आमचा निरोप येईपर्यंत खाऊ नका, कधीकधी पुन्हा थेंब घ्यावा लागतो.

डोळखांबकडच्या एका पाड्यावरून भागी नावाची बाई यायची. पंचविशीची असेल. चार तास चालून यायची, आणि अंगाला हात लावावा तर गार.

"ताप काय माहेरी ठेवून आलीस?" मी म्हटलं.

"नाय दादा, शिवंवर ठेवलाय, झाडाला चिंधी बांधून. दुसऱ्याच्या गावात ताप घेऊन कसं यायचं?"

तिच्याकडची रीतच होती ती. मी हसलो आणि तिला परत पाठवलं. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा, एका बुधवारी, आल्या आल्या म्हणाली, "या खेपंला चिंधी नाय बांधली, दादा." तरी अंग गारच. बाहेर रांग, मी वैतागलेला. नियम म्हणजे नियम. सुईला हातही न लावता तिला घालवून दिली.

गुरुवारी काचा रंगवायला काढल्या; रंग दिल्याशिवाय जंतू दिसत नाहीत. बुधवारी मी पाच जणांचं रक्त घेतलं होतं. काचा सहा होत्या. सहावीवर माझ्याच अक्षरात — भागी, डोळखांब.

डॉक्टरांनी बघितलं. "जंतूंनी भरलीय. आजच औषध पाठवा."

"साहेब, हे रक्त मी घेतलेलंच नाही."

"अक्षर तुमचंच आहे ना?"

माझंच होतं. पण मला वाटलं, काचांची अदलाबदल झालीय, औषध भलत्याच्याच पोटात जाईल. मी दोन दिवस मागून घेतले. पाचही जणांना बोलावून पुन्हा रक्त घेतलं, पुन्हा तपासून घेतलं. पाचांचेही निकाल आधीसारखेच आले. सहावी काच त्यांच्यातल्या कुणाची म्हणावी, तर तसं काही निघेना. मी फार काटेकोर होतो, आणि तेव्हा मला त्याचा अभिमान होता.

रविवारी औषध घेऊन मीच पाड्यावर गेलो. भागीची सासू दारात बसली होती.

"काल नेली तिला," ती म्हणाली. रागावली नाही, रडलीही नाही.

मला काहीच वाटलं नाही. लाज वाटते लिहायला, पण खरंच नाही वाटलं. पिशवी खाली ठेवली आणि उभा राहिलो. अंगणात कोंबड्या फिरत होत्या, त्या बघत राहिलो.

"बुधवारी खुशीत आली व्हती," म्हातारी म्हणाली. "म्हनली, या खेपंला दादांनी रगात घेतलं. बोटावर टोचलेलं दावलं मला."

ते रक्त कुणी घेतलं, नाव कुणी लिहिलं... मला आजवर कळलेलं नाही. तुम्हीच घेतलंत आणि विसरलात, असं डॉक्टर म्हणायचे. पण मी तिला हात हलवत परत पाठवलं ते रांगेतल्या सगळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनाही विचारून झालं. याच्यापुढे माझी अक्कल चालत नाही.

म्हातारी आत जाऊन एक पुडी घेऊन आली. पोस्टात मिळायची ती कोयनेलची पुडी. भागीच्या नवऱ्याने मुरबाडपर्यंत पायपीट करून, हातापाया पडून शुक्रवारी आणलेली. पुडी फोडलेली नव्हती.

"तिनं खाल्ली नाय," म्हातारी म्हणाली. "तुमचा निरोप येईस्तवर खायाची नाय, असं तुमीच सांगितलं व्हतं ना?"

मी हो म्हणालो.