सावली फिरण्याआधी

थायलंड पाहायला विमानच लागतं असं नाही. मी राहते त्या डच शहरातून, युट्रेख्टहून, अर्ध्या तासाची आगगाडी आणि पुढे तासाला एक सुटणारी बस, एवढ्यात काम होतं. अट एकच, डबा विसरायचा नाही. मी विसरले.

जूनमधला रविवार होता. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं आणि नागपूरहून माझ्याकडे आलेल्या आईला त्यांच्या पुण्यानुमोदनाला भिक्खूंना भोजनदान द्यायचं होतं. इथे जवळपास आपलं विहार नाही, म्हणून मी ब्राबांत प्रांतातलं एक थाई विहार शोधून काढलं. तिथल्या बाईंनी फोनवर बजावलं, की भिक्खू माध्यान्हीनंतर काही खात नाहीत, बाराच्या आत या. आईला हे सांगायची गरजच नव्हती. तिने उभा जन्म शाळेत भूगोल शिकवला, घंटेच्या तालावर जगली. बाबा नेमके उलटे. लग्न असो, गाडी असो, त्यांचं आपलं "अजून वेळ आहे." छातीत दुखू लागलं तेव्हाही ते हेच म्हणाले होते. ते वाक्य आईने त्यांना वर्ष झालं तरी माफ केलं नव्हतं.

सकाळी तिने बाबांच्या आवडीची पाटवडी थापली, वर खोबरं-कोथिंबीर भुरभुरली. डबा मी सायकलच्या पिशवीत ठेवला आणि आईला कॅरिअरवर बसवून स्टेशन गाठलं. फलाटावर गाडी समोर उभी असताना आईने विचारलं, "डबा कुठी आहे?"

डबा सायकलपाशी होता. सायकल स्टेशनखालच्या तीन मजली सायकलतळात होती. तिथे हजारो सायकली उभ्या असतात आणि त्यातल्या बहुतेक माझ्यासारख्याच काळ्या. मी खालचा मजला पालथा घातला, मग वरचा. माझी निघाली मधल्या मजल्यावर. तोवर गाडी गेली, गाडी गेली म्हणून पुढे डेन बॉशहून सुटणारी बसही गेली. पुढच्या बसची वाट पाहताना आई दर मिनिटाला स्टेशनवरचं घड्याळ बघत होती. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

बस उतरवते ते गाव अगदी नमुनेदार डच. विटांची घरं, खिडकीत कुंड्या, कात्रीने कापल्यासारखी हिरवळ. आणि कोपऱ्यावर वळलं की एकदम लाल-सोनेरी उतरतं छप्पर, कडेने सरपटणारे नाग, टोकाला चोफा (पक्ष्याच्या मानेसारखं आकाशाकडे वळलेलं शिखर). शेजाऱ्याच्या गाई त्याच्याकडे बघतही नव्हत्या. आवारात थाई बायका बिडाच्या साच्यात खनोम क्रोक (नारळाच्या दुधाचे गोड आप्पे) करत होत्या आणि त्यांचे डच नवरे बायकांच्या पर्सा मांडीवर घेऊन ओळीत बसले होते. मला तर दृश्य फार आवडलं.

बारा वीस झाले होते. फोनवरच्या बाई, पी नोई (पी म्हणजे ताई), भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून हळहळल्या. बाकीच्या भिक्खूंची जेवणं उरकली होती. फक्त लुआंग पो, म्हणजे थोरले भन्ते, एका आजाऱ्याला भेटून आत्ताच परतले होते. वाटेत गाड्यांची कोंडी लागली, त्यांचंही जेवण हुकलं. आता उद्या सकाळपर्यंत नुसता चहा. ते झाडाखालच्या बाकावर शांतपणे उपाशी बसले होते.

आईने डबा खाली ठेवला. "वर्षभर मनात धरलं होतं मी," एवढंच म्हणाली आणि मान खाली घातली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खाली घातलेली मान तिने बराच वेळ वर केली नाही, तेव्हा मला शंका आली. ती स्वतःची सावली बघत होती.

मग तिने माझी छत्री घेतली, हिरवळीत उभी रोवली आणि शाळेतल्या इंग्रजीत तास सुरू केला. आपण पाच अंश पूर्वेला. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे इथला सूर्य ग्रीनविचच्या वीस मिनिटं पुढे. पण उन्हाळ्यात इथलं घड्याळ ग्रीनविचच्या दोन तास पुढे केलेलं असतं. म्हणजे खरी माध्यान्ह एक चाळीसला. नियम सूर्याचा आहे की भिंतीवरच्या घड्याळाचा, असं तिने थेट भन्तेंनाच विचारलं.

पी नोई म्हणाल्या, इथे पहिल्यापासून घड्याळच पाळतात. भन्ते उठले, सातेची (भाजलेल्या मांसाच्या तुकड्यांची) एक काडी मागून घेतली आणि छत्रीच्या सावलीच्या टोकाला स्वतः टोचली. आम्ही सगळे पंधरा मिनिटं त्या काडीकडे बघत उभे राहिलो, पर्सांसकट नवरेही. सावली काडीपासून सरकली आणि आखूड झाली, म्हणजे सूर्य अजून चढतच होता. एका नवऱ्याने मोबाइलवर सूर्याची वेळ तपासली आणि गंभीरपणे निकाल दिला, "क्लोप्त" (बरोबर आहे).

"म्हणजे इतकी वर्षं प्रत्येक उन्हाळ्यात," भन्ते इंग्रजीत म्हणाले, "मी उगीचच लवकर उपाशी राहतोय."

पी नोई सगळ्यात आधी हसल्या. बाईच्या हातून भिक्खू थेट काही घेत नाहीत, म्हणून भन्तेंनी समोर पिवळं वस्त्र पसरलं आणि आईने त्यावर डबा ठेवला. त्यांनी पाटवडी चार वेळा घेतली. मग त्यांनी गाथा सुरू केली. पाली आपलीच, चाल मात्र थाई, हेलकावे घेणारी. आईने पितळी झारीतून भांड्यात धार धरली. याला क्रुअत नाम म्हणतात, गेलेल्या माणसाला पुण्य पोचवायचं पाणी. ते झाडाच्या मुळाशी ओतताना ती रडली. वर्षभरात मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

परतताना डेन बॉशला बस थांबली, तेव्हा युट्रेख्टची गाडी सुटायला दोन मिनिटं होती. सवयीने मी आईचा हात धरून पळत सुटले. तिने हात सोडवून घेतला.

"काऊन पळून राहिली तू?" ती फलाटावरच्या बाकावर बसली आणि उरलेल्या पाटवडीचा डबा उघडला. गाडीचे दरवाजे आमच्या डोळ्यांदेखत लागले. आईने एक वडी माझ्या हातावर ठेवली.

"खा," ती म्हणाली. "अजून वेळ आहे."