घाटाखालचा साप

साऱ्या बुलढाणा जिल्ह्यात सापाला आधी त्याचं गाव विचारणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझा साडू निघावा, हे माझं नशीब. घाटावरच्या धाड गावचे हे आमचे साडू शाळेतून निवृत्त झाले, पण त्यांचं शिकवणं काही सुटलं नाही. जिल्ह्यातल्या तमाम सरपटणाऱ्या प्रजेची त्यांनी घाटावरची आणि घाटाखालची अशी कायमची वाटणी करून टाकली होती. खाली सोनाळ्याकडच्या उन्हात भाजून निघणारी जात वेगळी, आमच्या गार घाटावरची वेगळी. एकदा लग्नाच्या पंगतीत घोरपडीचा विषय निघाला, तर जिलबी पानात तशीच ठेवून त्यांनी वधूपित्याला तिचं मूळ गाव समजावून सांगितलं. मी मान खाली घालून मठ्ठा पीत राहिलो.

घाटावरचा गारवा तर केव्हाच गेला होता. मेहुणीने हट्टाने कूलर आणला, आणि त्याच कूलरपुढे बनियनवर बसून साडू सांगत, "फुरसं घाट चढत नाही." अशाच एका दुपारी शेजारचे बशीरभाई गादीवाले आले. विहिरीजवळच्या दगडाखाली काहीतरी वेटोळं करून बसलंय आणि अंगावर अंग घासून करवतीसारखा आवाज करतंय, म्हणाले. साडूंनी खुर्चीतूनच निकाल दिला. आवाज फुरशासारखा खरा, पण ते जहरी फुरसं घाटाखालचं, इथलं नाही. डुरक्या घोणस असेल, बिनविषारी गरीब जीव, हाताने बाजूला करा. गुरुजींचा शब्द म्हणून बशीरभाईंनी हात घातला.

ते फुरसंच होतं. बशीरभाई वाचले, पण उजव्या हाताचं बोट ताठ झालं, आणि गाद्या शिवणाऱ्याचं सगळं पोट त्या बोटावर. दवाखान्यात मेहुणी नवऱ्याला एवढंच म्हणाली, "आपल्याले कूलर लागला, तवाच सापालेबी समजलं असन." साडूंना इतकं शरमलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. बशीरभाईंच्या बायकोसमोर त्यांना नजर वर करवेना, आणि त्यांच्याकडे पाहून मलाही.

तेव्हापासून ते रोज बशीरभाईंच्या दुकानात जातात आणि दाभणात दोरा ओवून देतात. सापाचं कुणी विचारलं तर "मले नका विचारू" म्हणतात. परवा मीही तिथे बसलो होतो. साडू चहा सांगायला बाहेर गेले, तसं बशीरभाईंनी ते बोट माझ्यासमोर सहज वाकवून दाखवलं.

"कवाचंच वाकते हे," ते हळूच म्हणाले. "पण गुरुजीले सांगू नका. त्याईले इथं येऊन बरं वाटते."

साडू परत आले. बशीरभाईंनी बोट पुन्हा ताठ केलं आणि दाभण त्यांच्यापुढे धरलं.