चापड्यावरचं इंजेक्शन

चिंचोटीच्या धबधब्याकडे चढताना घसरू नये म्हणून माझ्या मेव्हण्याने जी फांदी धरली, तिच्यावर एक हिरवागार चापडा साप आधीच बसला होता. त्याने आपली हरकत मेव्हण्याच्या अंगठ्यावर नोंदवली आणि तो पानांत दिसेनासा झाला.

रिक्षाने वसईच्या दवाखान्यात पोचेपर्यंत मनगट सुजून तट्ट झालं होतं. वाटेतून फोन केल्यामुळे सासूबाई आमच्या आधीच हजर! माझ्या सासुरवाडीत सर्दीलाही सुई लागते. जो टोचत नाही तो डॉक्टरच नव्हे.

"इंजेक्शन द्या आधी," त्यांनी फर्मान काढलं.

डॉक्टरांनी फ्रिजमधली बाटली दाखवली. "यात चार सापांवरचा उतारा आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं. चापडा यात नाही."

"चौघांवर चालतं, तर पाचव्यावर थोडं तरी चालेलच की!"

"आजी, हे घोड्याच्या रक्तापासून करतात. उपयोग नाही तो नाहीच, वर अंगावर उलटलं तर?"

"मग चापड्याचं कुठे मिळतं?" मी विचारलं.

"थायलंडमध्ये त्यांच्याकडच्या हिरव्या सापांवरचं निराळं करतात. पण आपल्या चापड्याला ते लागू पडेलच असं नाही."

"जावईबापू, तुमचा भाऊ विमानतळावर आहे ना?"

"आई, ते सामान चढवतात!" मेव्हणा खाटेवरून कळवळला. "डॉक्टर, मी जगेन ना?"

"आत्ता कळेल." डॉक्टरांनी त्याचं थोडं रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेऊन उभं ठेवलं. "वीस मिनिटं हात लावू नका. गोठलं तर ठीक. पातळ राहिलं तर विषाने रक्त बिघडवलंय, लगेच मुंबईला हलवायचं."

सासूबाई नळीसमोर ठाण मांडून बसल्या. मी जरा वाकलो, तर खेकसल्या, "धक्का लावू नका, मोडेल!" सगळी हयात विरजण लावण्यात गेलेली बाई. मेव्हणा आढ्याकडे बघत होता. त्याच्या ओठांवर घाम होता, आणि मला एकही विनोद सुचत नव्हता.

वीस मिनिटांनी डॉक्टरांनी नळी हळूच उलटी केली. रक्त जागचं हललं नाही.

"लागलं!" सासूबाई ओरडल्या. "घट्ट लागलंय!"

"आज इथेच राहू दे," डॉक्टर हसले. "पुन्हा तपासू. सूज उतरेल हळूहळू."

"आणि इंजेक्शन?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले.

"धनुर्वाताचं देतो."

सासूबाईंचा चेहरा उजळला. लेकाची बाही त्यांनी स्वतःच वर सारली. "या हाताला द्या. तो दुसरा बिचारा आधीच दमलाय."