साहेबांची खोली

भोकरदनच्या पुढं डोंगराच्या कडेला वनखात्याचा निजामाच्या काळातला दगडी बंगला आहे. विहिरींची पाणीपातळी मोजायच्या कामावर गेलो की माझा मुक्काम तिथंच असतो. तिथला चौकीदार आधी खांद्यावरच्या रुमालानं खुर्ची पुसतो, मग बोलतो. वाक्याच्या शेवटी "बराबर?" विचारतो आणि उत्तराची वाट न बघता पुढं जातो.

मला तो कायम मागची, ओल धरलेली खोली द्यायचा. पुढची उंच छताची, शिसवी पलंगाची खोली वनाधिकाऱ्यासाठी. रोज संध्याकाळी ती उघडायची, चादर झटकायची, तांब्या भरून ठेवायचा आणि पुन्हा कुलूप. "साहेब कधी बी मुक्कामाला येतेत, सर. बराबर?" साहेब कधीच मुक्कामाला राहिले नव्हते. मी उगाच चेष्टेनं तीच खोली मागायचो, तो नुसता हसायचा.

यंदा त्यानं न विचारता माझी पिशवी पुढच्या खोलीत नेऊन ठेवली. मी खूश होऊन म्हणालो, "आणि साहेब आले तर?"

तो खुर्ची पुसत राहिला. "काल आल्ते. म्हन्ले, रस्ता चांगला झाला, आता मुक्कामाचं काम न्हाई. मंग खोली उगं कशाला राखायची, सर? बराबर?"

आणि पहिल्यांदाच तो उत्तरासाठी माझ्या तोंडाकडं बघत उभा राहिला. ही साहेबांसाठीच राहू दे, मला मागचीच खोली दे, एवढं काही मला वेळेवर म्हणता आलं नाही.