चार नंबरची प्रेस का थांबली?

कंपनीतले किस्से जमवायला वेगळे कष्ट पडत नाहीत. चार माणसांना दर गुरुवारी अर्धा तास एका टेबलाभोवती बसवा, चहा द्या आणि वर सांगा, "सुधारणा सुचवा." वर्ष सरायच्या आत वही संपते! आमच्या क्वालिटी सर्कलच्या वहीत सुधारणा कमी आणि असल्याच गोष्टी जास्त आहेत. वही मीच लिहिते, म्हणून खात्रीनं सांगते.

कंपनी निघोज्याजवळ, चाकणच्या पट्ट्यातली. आम्ही गाड्यांचे रबरी पार्ट हायड्रॉलिक प्रेसवर दाबून काढतो, त्यातले बरेच परदेशी जातात. सर्कलमध्ये आम्ही चौघं. मी सुषमा, इन्स्पेक्शनला. येळवंडे फोर्कलिफ्ट चालवतो, निघोज्याचाच आहे. मोमीनभाई स्टोअर सांभाळतात. आणि मेंटेनन्सचे साळवे काका, ज्यांच्यामुळे हे सगळं सांगायची वेळ आली. काका खरं तर रिटायर झालेत. कंपनी त्यांना दर वर्षी एका वर्षाच्या मुदतवाढीचं पत्र देते, आणि त्या पत्रावर त्यांचं घर चालतं.

*

प्रेसच्या पाइपमधली गळती हातानं शोधायची नसते, प्रेशरचं तेल कातडीत घुसतं. काका पुठ्ठ्याचा तुकडा फिरवतात. पुठ्ठ्यावर डाग पडला की गळती सापडली. ही विद्या ते बसऱ्याहून शिकून आले.

इराकमधल्या लढाईनंतर एजंटनं त्यांना तिकडं नेलं होतं. काम काय, तर शहराची पाण्याची लाइन दुरुस्त करायची. काका सांगतात, "कार्डावर लिहिलं होतं वॉटर लाइन फिटर. पहिल्या दिवशी गाडीत बसवलं आणि तेलाच्या लाइनवर उतरवलं. दुसऱ्या दिवशी पण तिथंच. गावात पाण्याचा पाइप फुटलेला, बाया डबक्यातून पाणी भरायच्या. मी परत येईपर्यंत तो तसाच होता. आणि तेलाच्या पाइपवर शंभर पावलांना एक शिपाई."

येळवंडेनं विचारलं, "मग तुमी काय केलं, काका?"

"एका सुट्टीच्या दिवशी पाना घेऊन पाण्याचा पाइप दुरुस्त करायला गेलो. तिथं बसलेल्या परदेशी फौजेनं पकडलं. म्हणाले, परवानगी नाही. म्हटलं, कार्ड बघा, मला ह्याच कामाला आणलंय."

पुढच्याच विमानानं काकांना परत पाठवलं.

*

तेव्हापासून काका देहूहून सायकलनं कामाला येतात. आमचे प्रॉडक्शन मॅनेजर गायकवाड साहेब कंपनीच्या अलीकडच्या चौकात मोठ्या डिझेल गाडीत अडकून पडतात आणि काका शेजारून घंटी वाजवत पुढे जातात. हे आठवड्यातून दोनदा तरी होतं.

एकदा साहेबांनी काच खाली करून विचारलंच, "काका, ह्या वयात कशाला? एक स्कूटर घ्या की."

"साहेब, ज्या नळीवर शिपाई लागतात, तिचं एक टोक माझ्या घरात नको."

साहेबही कमी नाहीत. म्हणाले, "आणि दिवसभर आमच्या प्रेसमध्ये काय भरता? गोमूत्र?"

काकांनी घंटी वाजवली आणि पुढं निघाले. पण तो प्रश्न त्यांच्या डोक्यात शिजत राहिला.

*

मध्यंतरी आखातात पुन्हा लढाई पेटली. जहाजं अडकली आणि आमच्याकडं हायड्रॉलिक तेल यायचं थांबलं. शेवटचं एक बॅरल उरलं. तेव्हा प्रेस शॉपच्या सुपरवायझरनं काय करावं? आपली दोन माणसं थेट स्टोअरच्या दारात बसवली.

मोमीनभाई म्हणाले, "हे काय?"

"भाई, तुमच्याच सुरक्षेसाठी. बॅरल गळतंय म्हणून तक्रार आहे."

संध्याकाळपर्यंत चावी सुपरवायझरच्या खिशात गेली. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या स्टोअरमधून तेल घ्यायला मोमीनभाईंनाच स्लिप भरायला लावली!

काकांनी येऊन विचारलं, "गळती सापडली का?"

"नाही."

"माणसं उठली का?"

"नाही."

"मोमीनभाई, बसऱ्याला हेच होतं. फक्त त्यांच्याकडं बंदुका होत्या."

मोमीनभाई उठले. आपली खुर्ची उचलली आणि त्या दोघांच्या मधोमध ठेवून बसले. रजिस्टर मांडीवर, डबा पायाशी. कुणी आलं की म्हणायचे, "बॅरल माझ्या सहीनं आत आलंय, माझ्याच सहीनं बाहेर जाईल." तीन दिवस ते तिथंच बसून होते. शेवटी ती दोन माणसंच कंटाळून निघून गेली आणि चावी परत आली.

*

त्याच आठवड्यात हेड ऑफिसहून एक साहेब ट्रेनिंग द्यायला आले. हॉलमध्ये उभं राहून म्हणाले, "इथं आधी काहीच नव्हतं. कंपनीनं इथं विकास आणला."

येळवंडेनं हात वर केला. "काय न्हाई कसं? मी आत्ता जिथं बसलोय तिथं आमची इहीर हाय."

"होती म्हणायचंय का तुम्हाला?"

"व्हती न्हाई, हाय. वर तुमी कार्पेट टाकलंय. आमच्या आज्याला बी असंच म्हणले व्हते, तुमच्याच भल्यासाठी घेतोय."

ट्रेनिंगवाल्या साहेबांनी लगेच टी-ब्रेक जाहीर केला. काका मात्र खिशातल्या कागदावर काहीतरी लिहून घेत होते.

*

आता मुख्य भानगड. बॅरल संपलं आणि चार नंबरची प्रेस थांबली. मशीन थांबली की आमच्याकडं 'व्हाय-व्हाय' करावं लागतं, म्हणजे पाच वेळा 'का' विचारून मूळ कारण शोधायचं. प्रत्येक उत्तराला पुरावा लागतो. आणि मूळ कारण आपल्या हातातलं असावं लागतं, दुसऱ्यावर ढकललेलं चालत नाही. सगळे जण 'सप्लायरकडून उशीर' लिहून मोकळे होतात. शीट भरायची पाळी काकांची होती. त्यांनी लिहिलं:

प्रेस का थांबली? तेल आलं नाही.

तेल का आलं नाही? जहाज अडकलं.

जहाज का अडकलं? तिकडं लढाई आहे.

लढाई का आहे? जमिनीखाली तेल आहे, आणि ते ज्यांचं आहे त्यांना विचारून घ्यायचं नाही.

विचारून का घेत नाहीत? कारण तेल थांबलं की आपण सगळे थांबतो. म्हणून ते कुणाच्या दारात बंदूक रोखून आणलं, हे आपणही विचारत नाही.

उपाय: सर्व प्रेसची गळती बंद करणे.

आणि काकांनी ती केलीसुद्धा. पुठ्ठा घेऊन महिनाभर एकेक प्रेसखाली घुसले. पुढं आलेलं बॅरल जवळजवळ दुप्पट दिवस पुरलं. मी शीट वाचली आणि तिला नंबर दिला. हे मुद्दाम सांगते, कारण नंबर पडला की कागद रेकॉर्ड होतो. मग तो फाडता येत नाही. चूक असेल तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि तारीख.

*

शीट बोर्डवर लागली आणि परदेशी गिऱ्हाइकाचं ऑडिट जाहीर झालं. बसऱ्याला ज्या देशाची फौज होती, ऑडिटर त्याच देशाचा!

गायकवाड साहेबांनी काकांना केबिनमध्ये बोलावलं. मी फाइल घेऊन तिथंच होते. टेबलावर मुदतवाढीचं पत्र होतं, त्यावर फक्त सही बाकी होती.

"काका, तेवढा कागद काढा आणि हे घेऊन जा. ऑर्डर गेली तर पोटं सगळ्यांचीच आहेत."

"चुकीचं काय आहे त्यात?"

"चुकीचं कोण म्हणतंय?"

"मग रेघ मारा साहेब, आणि सही करा. 'लढाई तेलासाठी नाही,' गायकवाड, आजची तारीख. मी स्वतः बोर्डवर लावतो."

साहेबांनी पत्र फाइलमध्ये ठेवून दिलं. काका बाहेर आले, मी मागोमाग. मला म्हणाले, "ताई, घरी अजून सांगितलेलं नाही." मला साहेबांचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण नंबर मी दिला होता आणि नोकरी काकांची जाणार होती.

*

ऑडिटर उंच, शांत माणूस. फिरता फिरता बोर्डपाशी थांबला. गळतीचे आकडे बघून खूश झाला आणि शीटवर काय लिहिलंय ते विचारलं. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी इंग्रजीत पाचही ओळी सांगितल्या, एकही न गाळता.

चौथ्या ओळीवर त्यानं बोट ठेवलं. "पुरावा?"

काकांनी पाकिटातून बसऱ्याचं जुनं कार्ड काढून दिलं. पुढं लिहिलेलं, वॉटर लाइन फिटर. मागं रोजच्या हजेरीचे शिक्के, सगळे तेलाच्या फाटकाचे. ऑडिटरनं कार्ड उलटून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं.

काकांनी माझ्यापुढं हात केला. मी माझा लाल पेन दिला. त्यांनी तो ऑडिटरपुढं धरला. "त्यांना सांगा ताई, पटत नसेल ती ओळ खोडा. एक रेघ, सही, तारीख."

मी सांगितलं. त्यानं टोपण काढलं. पेन चौथ्या ओळीवर नेला आणि बराच वेळ तसाच धरला. मग टोपण लावून पेन काकांना परत दिला, कार्डही दिलं, आणि म्हणाला, "आता फायर एक्स्टिंग्विशरचं रेकॉर्ड बघू."

सगळे त्याच्या मागं गेले. गायकवाड साहेब मात्र थांबले. "तो पेन इकडं द्या," ते म्हणाले. मला वाटलं, संपलं. साहेबांनी काखेतल्या फाइलमधून मुदतवाढीचं पत्र काढलं, भिंतीवर टेकवून सही केली आणि पेन मला देऊन निघून गेले.

दुसऱ्या दिवशी एचआरनं पत्र परत पाठवलं. शेरा होता: 'लाल शाईतली सही चालत नाही.'

साहेबांनी खाली लिहिलं: 'चुकीची वाटल्यास एक रेघ मारावी, बाजूला सही करावी, तारीख घालावी.'

लाल शाईतच.