समजा, दिवा लागला

आमच्या शाळेतली वीजकामाची कार्यशाळा सरकारी पैशातून उभी राहिली. लांबलचक टेबलं, नव्या कोऱ्या पक्कडी, भिंतीवर सरावाचे बोर्ड. फीत कापली, फोटो निघाले, पाहुणे जेवून गेले. फक्त खोलीत वीज नव्हती. मी तिथे वीजकाम शिकवते, हे सांगताना आजही चीड येते.

बांधकामाचा निधी वेगळा, सामानाचा वेगळा आणि खांबापासून खोलीपर्यंत केबल ओढायचा निधी कोणाचाच नाही. शिक्षण खात्याच्या गोंदियाच्या ऑफिसात गेले की साहेब म्हणायचे, "मॅडम, वो हमारे हेड में नहीं आता." ज्याच्या हेडमध्ये, म्हणजे खर्चाच्या खात्यात, येतं तो माणूस मला अजून भेटायचा आहे. एकदा शेजारच्या वर्गातून एक्स्टेन्शन ओढलं, तर शाळेचा फ्यूज उडाला आणि मुख्याध्यापकांनी तंबी दिली. पोरांना काही झालं असतं तर मुख्याध्यापकांच्याच गळ्याशी आलं असतं, म्हणून मीही पुन्हा तो उद्योग केला नाही.

मग मी एक पद्धत पाडली. जोडणी झाली की मुलांनी बटणाकडे बोट दाखवून म्हणायचं, "समजा, दिवा लागला." मी वायरी तपासायची आणि पुढच्या टेबलाकडे वळायचं. बारावीच्या प्रात्यक्षिकाला आलेले परीक्षकही घाम पुसत म्हणाले, "हो हो, समजा लागला," आणि सगळ्यांना भरभरून मार्क देऊन गेले.

त्या वर्गात दवनीवाड्याकडची एक मुलगी होती. तिच्याइतका सफाईदार हात मी दुसरा पाहिला नाही. पालकसभेत तिच्या वडिलांनी मला सरळ विचारलं, "काऊन जी मॅडम, करंटच नाही तं शिकवून काय राहिल्या तुमी?" बारावीनंतर तिला काम मिळालं तर ठीक, नाहीतर आईसोबत दुसऱ्यांच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, धानाची रोवणी, हे घरात ठरलेलंच होतं.

फुलचूरच्या पुढे एका राईस मिलला वीजकामासाठी मदतनीस हवा असल्याचं कळलं. मीच तिला स्कूटीवर घेऊन गेले. मिलच्या इलेक्ट्रिशियनने बोर्ड, बटणं आणि एक बल्ब पुढे ठेवला. तिने बघता बघता जोडणी केली. "वाह, हाथ साफ है. अब जलाके बताओ," तो म्हणाला.

ती ताठ उभी राहिली. बटणाकडे बोट दाखवून वर्गातल्यासारखी म्हणाली, "समजा, दिवा लागला."

मागे उभे असलेले मिलचे हमाल खो खो हसले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. इलेक्ट्रिशियन मात्र हसला नाही. "समझ लो काहे को, बेटा? दबाओ ना, इधर तो लाइट है."

तिने हात पुढे केला, पण बटणापाशी नेऊन मागे घेतला. शेवटी त्यानेच बटण दाबलं. बल्ब लख्ख पेटला आणि ती दचकून दोन पावलं मागे सरली.

"डरेगी तो पॅनल पे कैसे रखूँ, मॅडम?" तो म्हणाला. त्याचं बरोबरच होतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

परतताना स्कूटी कुडवा गावापर्यंत आली. तेव्हा ती मागून म्हणाली, "माही वायरिंग तं बरोबर होती ना जी?"

"होती ना. दिवा लागला की."

"हो जी. मी जोडलेला दिवा लागताना मी आजच पाह्यला."

पुढच्या आठवड्यात ती आईसोबत रोवणीला गेली.