आतून लावलेली कडी

कडी मी आतून लावली होती आणि बाहेरून माझी धाकटी जाऊ दार बडवत होती. "बाई, उघडा! दोन पोरी हायेत माझ्यासंगं." मी डोक्यावरून पदर ओढून धान्याच्या पिंपामागे बसले होते. उठले नाही. थोड्या वेळाने बडवणं थांबलं.

नव्वदनंतरची गोष्ट. त्र्यंबकच्या बाजूला डोंगराच्या सपाटीवर मे महिन्यात नाशिकच्या मुलांचं शिबिर भरायचं. मी आणि जाऊ तिथे स्वयंपाकाला होतो. शिबिर चालवणारे सर ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांचं सगळं शिस्तीत. तंबू ओळीत, पाण्याची पिंपं झाकलेली, दिवसातून तीनदा हजेरी. वरच्या कड्याला आग्या मोहोळं लटकलेली असायची, म्हणून पहिल्याच दिवशी ते मुलांकडून सराव करून घेत. लांब शिट्टी वाजली की जवळच्या तंबूत शिरायचं, चेन लावायची, गप्प बसायचं. धुराने माश्या उठतात, त्यामुळे लाकडाची चूलही बंद. स्वयंपाक गॅसवर.

मला ते पटत नव्हतं. गॅसवरच्या भाकरीला चव नसते, हे मी सरांना तोंडावर सांगितलं होतं. ते हसले. "मावशी, चव नसली तरी चालेल."

शेवटच्या दिवशी मुलं तंबूंपाशी सामान आवरत होती. दोन लहान मुली मात्र आमच्याकडे आल्या, त्यांना भाकरी थापायला शिकायचं होतं. मी स्वयंपाकाच्या खोलीमागे, तंबूंपासून लांब, तीन दगड मांडले.

"सरांनी नाय म्हणलंय ना," जाऊ म्हणाली.

"सर काय भाकऱ्या थापतात व्हय? शेवटचं जेवण हाय. कळू दे पोरांना भाकरी कशाला म्हणतात."

"तुमचं तुम्ही बघा बाई. मी नाय फुंकायची."

"नको फुंकू. पोरींना पीठ दे."

लाकडं ओलसर होती. जाळ कमी, धूरच जास्त, आणि वारा कड्याकडे. दुसरी भाकरी तव्यावर असताना वरून पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज आला. मी लगेच ओळखलं. कोणाला काही न सांगता मी एकटीच खोलीत पळाले.

सरांची शिट्टी वाजली. तंबूंपाशी होती ती सगळी मुलं आत शिरली. एकालाही माशी चावली नाही.

मी दार उघडत नाही म्हटल्यावर जाऊने वाळत टाकलेली सतरंजी ओढली, दोघींना तिच्याखाली निजवलं आणि स्वतः वर पालथी पडली. हे मुलींनी नंतर सांगितलं. जीपमधून खाली नेताना ती वाटेतच गेली.

सरांनी विचारलं, "चूल कोणी पेटवली?" मी म्हणाले, "तिने." त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. पीठ होतं, राख होती. पुढच्या वर्षी मला बोलावणं आलं नाही.

माझ्या दिराला, तिच्या नवऱ्याला, अजून तेच माहीत आहे. तो माझ्या हातचं जेवतो. कधी जेवताना म्हणतो, "कुणाचं ऐकायची नाय ती." मी त्याला आणखी एक भाकरी वाढते.

त्या दोन्ही मुली वाचल्या. मीही वाचले.